बाटलीचं टोक

पोहण्याच्या तलावावर त्यांना सगळे मास्तर म्हणत. अर्धं आयुष्य पाण्यात गेलेला माणूस, पण डोळ्यांचा नंबर उणे साडेसात. चष्मा काढून काठावर ठेवला की समोरचा माणूस म्हणजे नुसता रंगाचा ठिपका. लाल टोपी, निळी टोपी, एवढ्याच खुणेवर ते वर्ग चालवत. एकदा पिवळ्या टोपीच्या एका बाईंना ते ‘पाय सरळ, पाय सरळ’ म्हणून पाच मिनिटं ओरडत होते. बाई केव्हाच बाहेर पडून कपडे बदलायला गेल्या होत्या. पाण्यावर तरंगत होतं ते त्यांचं पोहायला शिकायचं पिवळं फळकूट. तलावभर हसू झालं. मास्तरही हसले, पण घरी येऊन बायकोला म्हणाले, “आता बस्स झालं. लेझर करून घेतो.”

“घे की,” बायको म्हणाली. ती शाळेत विज्ञान शिकवायची आणि घरातही कुठली गोष्ट अर्धवट सोडायची नाही. “पण त्यानंतर महिनाभर पाण्याचं नाव काढायचं नाही. जमणार आहे तुला?”

“मी काय कुक्कुलं बाळ आहे?”

“लिहून देते. पंधरा दिवसांत उडी मारशील.”

डोळ्यांच्या डॉक्टर शांत, कमी बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी सगळं दोनदा समजावलं. बुबुळावरचा एक पातळ पापुद्रा उचलायचा, खाली लेझरने आकार द्यायचा, पापुद्रा परत जागेवर बसवायचा. टाका नाही की काही नाही. तो आपला आपण चिकटतो, पण त्याच्या कडा पक्क्या व्हायला वेळ लागतो. तोवर डोळा चोळायचा नाही, डोक्यावरून अंघोळ करायची नाही, झोपताना प्लास्टिकच्या वाट्या डोळ्यांवर चिकटवायच्या. ड्रॉप वेळेवर घालायचे आणि घालताना बाटलीचं टोक डोळ्याला लागू द्यायचं नाही. आणि महिनाभर पोहायचं नाही.

“तलावावर गेलात तरी काठावरच बसायचं,” त्या म्हणाल्या. मास्तरांनी मान हलवली.

शाळेत परीक्षा चालू असल्यामुळे बायकोला रजा मिळेना. ड्रॉप घालायला कोण, हा प्रश्न पडला, तेव्हा तिची आई आपण होऊन आली. सासूबाई बत्तीस वर्षं इस्पितळात नर्स होत्या. निवृत्त होऊन आता दहा वर्षं झाली, तरी त्या साबणाने हात धुवायला लागल्या की नळ आधी दमायचा. गावाच्या दुसऱ्या टोकाला त्यांचा दोन खोल्यांचा फ्लॅट होता. नवरा गेल्यावरही त्या तिथे एकट्या, ऐटीत राहत. इमारतीतली निम्मी माणसं सकाळी त्यांच्याकडे रक्तदाब मोजून घेऊन मगच दवाखान्यात जायची की नाही ते ठरवत.

ऑपरेशन म्हणावं तर दहा-बारा मिनिटांचं. वर पाहायला सांगितलेला हिरवा दिवा, डोळ्यावर दाब आला तेव्हा क्षणभर सगळं काळं, मग टकटक आवाज आणि काहीतरी करपल्याचा वास. तो वास आपल्याच डोळ्याचा, हे कळल्यावर मास्तरांची पाचावर धारण बसली, पण तोवर दुसराही डोळा उरकला होता. घरी येईपर्यंत डोळ्यांत कुणी वाळू ओतल्यासारखं झोंबायला लागलं. पाणी थांबेना.

“चार-पाच तास झोंबणारच,” सासूबाई म्हणाल्या. “डोळे मिटून पडा. गोळी घेतलीत, झोप लागेल. आणि हात खाली. खाली म्हटलं ना! हात बांधून ठेवीन हं जावईबापू.”

दुसऱ्या दिवशी सकाळी वाट्या काढल्या आणि मास्तरांना समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या तारखा वाचता आल्या. खालच्या बारीक अक्षरातला छापखान्याचा पत्तासुद्धा. त्यांनी तो मोठ्याने वाचला, मग परत एकदा वाचला. सासूबाई हसल्या. त्यांना एवढं मोकळं हसताना मास्तरांनी पूर्वी पाहिलं नव्हतं, किंवा पाहिलं असेल तर ते धूसर होतं.

पुढचे सहा दिवस सासूबाईंनी घराचा वॉर्ड करून टाकला. टेबलावर पांढरा रुमाल, त्यावर तीन बाटल्या, शेजारी वेळा लिहिलेला कागद. घड्याळाचा गजर झाला की आधी हात धुणं, मग “मान मागे, वर बघा,” खालची पापणी एका बोटाने हलकेच ओढायची, वरून एक थेंब. बाटली डोळ्यापासून चांगली बोटभर वर. थेंब बरोबर मध्ये पडायचा. एकदाही चुकला नाही. डोळे कोरडे पडून टोचायला लागले की त्या म्हणत, “होतं असं, सहा महिने सुद्धा होतं.” संध्याकाळी दिव्यांभोवती वलयं दिसली, मास्तर घाबरले, तेव्हाही त्याच म्हणाल्या, “जातील हळूहळू. नव्या सुनेसारखं आहे ते, सुनेला घर आणि घराला सून कळायला वेळ लागतो.” सहाव्या दिवशी त्यांनी बाटल्या मास्तरांच्या हातात दिल्या, दोनदा घालून दाखवायला लावलं, आणि आता दुपारचे ड्रॉप तुम्हीच घाला म्हणाल्या.

सातव्या दिवशी मास्तर तलावावर गेले. नुसते बघायला, असं त्यांनी घरी सांगितलं आणि स्वतःलाही तेच सांगितलं. दुपारच्या सुट्टीची वेळ होती. तलावावर चिटपाखरू नव्हतं. पाणी संथ होतं आणि तळाच्या फरशा दिसत होत्या. एकेक फरशी, तिच्या कडेची रेघ, चौथ्या लेनमधली ती तुटकी फरशी जिच्याबद्दल लोक वर्षभर तक्रार करत होते आणि जी मास्तरांना कधी दिसलीच नव्हती. ते काठावर बसले. पाय पाण्यात सोडले. मग त्यांच्या मनाने वकिली सुरू केली. पोहण्याचा गॉगल आहेच ना खुंटीवर. गॉगल घट्ट बसला की डोळ्यात पाणी जाण्याचा प्रश्नच नाही. आणि एकच फेरी. डॉक्टरांनी सांगितलं ते साध्या माणसांसाठी, आपण काय साधे पोहणारे आहोत का?

पाण्याखाली त्यांना तलाव या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसला. इतकी वर्षं ज्या घरात राहिलो त्या घरात पहिल्यांदा दिवा लागावा तसं झालं. एकाच्या तीन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीत डाव्या बाजूचं जुनं रबर सैल झालं आणि गॉगलच्या डाव्या काचेत पाणी भरलं. मास्तर वर आले, गॉगल काढला, आणि सवयीने, आयुष्यभराच्या सवयीने, ओल्या मुठीने डावा डोळा चोळला.

चोळल्यावर कळलं काय केलं ते. काठाला धरून ते बराच वेळ तसेच उभे राहिले. डोळा उघडला, दिसत होतं. मग काय झालं, काहीच नाही, असं म्हणून त्यांनी केस कोरडे केले आणि घरी गेले. घरी कुणाला बोलले नाहीत.

नवव्या दिवशी सकाळी डावा डोळा लाल झाला. दुपारपर्यंत खिडकीकडे बघवेना. बायको परीक्षेचे पेपर टाकून आली आणि तिघं दवाखान्यात गेली.

डॉक्टरांनी यंत्रातून बराच वेळ पाहिलं. “पापुद्र्याच्या कडेला पांढरा ठिपका आहे,” त्या म्हणाल्या. “जंतुसंसर्ग वाटतो. पाण्यात गेला होतात?”

खोलीत चौघं होती. बायको अगदी शेजारी उभी होती. तिचं ते ‘लिहून देते’ मास्तरांच्या कानात वाजलं. एक साधं ‘हो’ म्हणायचं होतं. पण जीभ टाळ्याला चिकटली, आणि सुटली ती भलत्याच बाजूने.

“पाण्यात? छे.”

“मग ड्रॉप घालताना बाटलीचं टोक डोळ्याला लागलं होतं का? त्यानेही होतं असं.”

डॉक्टरांनी आयतं उत्तर हातात दिलं होतं. मास्तर जमिनीकडे बघत म्हणाले, “एखाद-दोन वेळा लागलं असेल. आईंचा हात जरा... थरथरतो.”

सासूबाईंनी आपला उजवा हात मांडीवरून उचलला, पंजा पसरला आणि त्याच्याकडे पाहिलं. वय अडुसष्ट. रोखून पाहिलं तर या वयात कुणाचाही हात थोडा हलतो.

“तुम्ही तर नर्स होतात ना?” डॉक्टर म्हणाल्या. आवाज मऊच होता. मऊ होता म्हणून जास्त लागला. “असू दे. होतं वयानुसार. आता मात्र दुसऱ्या कुणाला तरी घालू द्या.”

“मला कळलं कसं नाही?” सासूबाई स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. “मला वाटलं मी वर धरत होते.”

डॉक्टरांनी ठिपक्याचा नमुना घेतला, तासातासाला घालायचे कडक ड्रॉप दिले आणि तीन दिवसांनी बोलावलं. परत येताना मास्तर गाडीत पुढे बसले होते, सासूबाई मागे. मास्तरांना वाटत होतं, त्या एकदा तरी म्हणतील की नाही हो, लागलं नाही, मला पक्कं आठवतं. मग कदाचित तेही खरं सांगून टाकतील. पण त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. जावई खोटं बोलेल हे त्या बाईच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिने सरळ स्वतःवरचा विश्वास काढून घेतला होता.

घरी आल्यावर बायकोने रजा टाकली आणि ड्रॉप आपल्याकडे घेतले. सासूबाईंनी टेबलावरचा पांढरा रुमाल घडी करून पिशवीत ठेवला. संध्याकाळी त्यांनी चहा केला तेव्हा कप दोन्ही हातांनी धरून आणला. मास्तरांनी तो घेतला आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खोटं एका जागी बसत नाही. बायकोने काळजीपोटी आपल्या भावाला फोन केला, भावाने आपल्या बायकोला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी मेहुण्याचा फोन आला. बायकोने तो स्पीकरवर ठेवला होता.

“आई, तू आता एकटी राहायचं नाहीस,” मेहुणा म्हणत होता. “आज बाटली आहे, उद्या गॅसवरचं गरम पातेलं असेल. फ्लॅट बंद कर आणि इकडे ये. खोली रिकामीच आहे.”

“बघू,” सासूबाई म्हणाल्या.

“बघू नाही. या महिन्यातच.”

“बरं.”

ते ‘बरं’ मास्तरांनी पलंगावर पडल्या पडल्या ऐकलं. डोळ्यात ठणका होता, पण ते ‘बरं’ त्याहून खोल गेलं. सासूबाईंनी कधी कुणाला असं चटकन ‘बरं’ म्हटल्याचं त्यांना आठवेना. मग त्यांच्याच इमारतीतल्या एका शेजारणीचा फोन आला, तोही ऐकू आला. “नाही हो, आता रक्तदाब मोजायचं बंदच करते,” त्या सांगत होत्या. “हात राहिला नाही. उगाच चुकीचा आकडा सांगायचे आणि तुम्ही चुकीची गोळी घ्यायच्या.”

मास्तरांनी भिंतीकडे तोंड केलं. उठून बाहेर जाऊन सांगावं असं दहादा ठरवलं. दहाही वेळा काहीतरी आडवं आलं. कधी बायको स्वयंपाकघरात होती, कधी सासूबाई आडव्या पडल्या होत्या, कधी ड्रॉपची वेळ झाली होती. खरं कारण त्यांना ठाऊक होतं. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर ते नुसते हट्टी ठरले असते. आता सांगितलं तर ते असा माणूस ठरणार होते, ज्याने म्हाताऱ्या बाईच्या हातावर आपलं पाप ठेवलं. आणि जितका उशीर होईल तितका तो माणूस मोठा होत जाणार होता.

तिसऱ्या दिवशी बायको त्यांना घेऊन दवाखान्यात गेली. सासूबाई आल्या नाहीत. “मी कशाला?” एवढंच म्हणाल्या.

डॉक्टरांनी पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. “ठिपका कमी व्हायला हवा होता. झाला नाही. नमुन्यात नेहमीचे जंतू सापडलेले नाहीत. तलावाचं, टाकीचं पाणी गेलेलं असेल तर वेगळे जंतू असतात, त्यांची तपासणी वेगळी, औषधही वेगळं. म्हणून परत विचारते. नीट आठवून सांगा.”

“तो पाण्यात गेलाच नाही,” बायको म्हणाली. “आमच्या आईच्या हातून...”

“गेलो होतो,” मास्तर म्हणाले.

बायको थांबली.

“सातव्या दिवशी. तीन फेऱ्या मारल्या. डाव्या गॉगलमध्ये पाणी गेलं. मी डोळा चोळला.” एकदा सुरू झाल्यावर थांबवेना. “बाटलीचं टोक कधीच लागलं नाही. आईंचा हात थरथरत नाही. मी खोटं बोललो.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “तीन दिवस मी चुकीच्या दिशेने औषध देतेय,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला कळतंय का, तुम्ही डोळा घालवून बसला असता?”

“कळतंय.”

“आणि त्या बाईंना मी बोलले.” हे त्या जरा वेळाने, वेगळ्याच आवाजात म्हणाल्या.

लगेच आत नेऊन त्यांनी पापुद्रा उचलला, खालची जागा धुतली, नवा नमुना घेतला, औषधं बदलली. तासभर गेला. बायको बाहेर बाकावर बसून होती. मास्तर डोळ्यावर पट्टी घेऊन आले तेव्हा तिने त्यांचा दंड धरला, कारण पायऱ्या होत्या. गाडीपर्यंत नेलं, दार लावून दिलं. घराच्या दारात किल्ली लावताना तेवढं म्हणाली, “तू सांगायचं आहेस. मी शब्द बोलणार नाही.”

सासूबाई टेबलापाशी बसून एक यादी करत होत्या. फ्लॅटमधलं काय मुलाकडे न्यायचं, काय देऊन टाकायचं. मास्तर समोरच्या खुर्चीवर बसले नाहीत, उभेच राहिले. एका डोळ्याने त्यांना यादीतल्या ओळी दिसत होत्या. शिलाई मशीन. मोठं कपाट, देऊन टाकणे.

त्यांनी सांगितलं. दवाखान्यात सांगितलं तेवढंच, त्याच क्रमाने. शेवटी म्हणाले, “आई, मला माफ करा.”

सासूबाई उठल्या. मोरीवर गेल्या. साबण लावून हात धुतले, बराच वेळ धुतले. पुसत परत आल्या आणि बसल्या.

“कितव्या दिवशी म्हणालात?”

“सातव्या.”

“गॉगल धुतला होता?”

“नाही.”

“आणि त्या दिवशी दुपारचे ड्रॉप घातलेत, की तेही राहिले?”

“राहिले.”

त्यांनी मान हलवली, एखाद्या रुग्णाचा कागद भरावा तशी. मग म्हणाल्या, “जावईबापू, मी तीन रात्री झोपले नाही. इस्पितळातली माणसं आठवत होते एकेक. शेवटच्या वर्षी माझ्या हातून कुणाला चुकीची सुई लागली असेल का, कुणाचं बाळ... सगळं उकरून काढलं मी. आणि तुम्ही पलीकडच्या खोलीत होतात.”

मास्तरांना वर बघवेना.

“माफी राहू दे. फोन आणा.”

“कुणाला...?”

“ज्यांना ज्यांना माझा हात माहीत झालाय त्यांना. आधी माझ्या मुलाला. स्पीकरवर.”

मेहुण्याने फोन उचलला. मास्तर म्हणाले, “अरे, ते आईंचं जे झालं ना, तो जरा गैरसमज...”

“गैरसमज नाही म्हणायचं,” सासूबाई शांतपणे म्हणाल्या. “खोटं बोललो म्हणायचं.”

“मी खोटं बोललो,” मास्तर म्हणाले.

मग मेहुणा म्हणाला, “म्हणजे आईचा हात ठीक आहे?”

“ठीक आहे. पहिल्यापासून ठीक होता.”

“मग तुमचं डोकं ठिकाणावर आहे का?” मेहुण्याने विचारलं.

त्यानंतर मेहुण्याची बायको. मग सासूबाईंची मोठी बहीण, जिला कमी ऐकू यायचं, त्यामुळे “खोटं बोललो” हे तीनदा, दर वेळी आधीपेक्षा मोठ्याने सांगावं लागलं, आणि शेजारच्या गॅलरीतल्या माणसानेही मान वळवून पाहिलं. मग इमारतीतली ती शेजारीण. ती बिचारी म्हणाली, “असू दे हो, होतं माणसाकडून.” सासूबाई फोनकडे झुकून म्हणाल्या, “होतं नाही, केलं.” सहा फोन झाले. सहाव्यापर्यंत मास्तरांचा शर्ट पाठीला चिकटला होता. बायको दारात उभी राहून ऐकत होती. तिने मध्ये एकदाही पाणी विचारलं नाही.

सासूबाई दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या फ्लॅटवर गेल्या. यादी त्यांनी फाडून टाकली होती. मास्तर बॅग उचलायला पुढे झाले. “वाकू नका, डोळ्यावर जोर येतो,” असं म्हणून बॅग त्यांनीच उचलली.

डोळा बरा व्हायला अडीच महिने लागले. दुसऱ्या नमुन्यात जे सापडायचं ते सापडलं, औषध लागू पडलं. पापुद्र्याच्या कडेला एक फिकट व्रण मात्र राहिला. शेवटच्या तपासणीला डॉक्टरांनी तक्ता वाचायला लावला आणि म्हणाल्या, “उजव्याने शेवटची ओळ येते, डाव्याने तिच्या वरची. एवढं राहणार.” बायको त्या दिवशी सोबत होती. ती आता बोलायची, पण जपून. मास्तर कुठे जाऊन आले म्हणाले की ती क्षणभर त्यांच्या तोंडाकडे बघायची आणि मगच बरं म्हणायची.

घरी येऊन मास्तरांनी सासूबाईंना फोन लावला. मधल्या काळात त्यांनी चार-पाचदा लावला होता. त्या उचलत, डोळ्याची चौकशी करत, ठेवून देत. आजही सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे एका ओळीवर सुटलात,” त्या म्हणाल्या.

“हो, आई.”

“मी नाही सुटले अजून.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्या नुसतं सांगत होत्या. “रक्तदाब परत मोजायला लागले. लोक येतात. पण रोज सकाळी उठले की आधी हात पुढे धरून बघते. हलतोय का. तुम्ही सांगितलंत, सगळ्यांना सांगितलंत, मला पटलंही. तरी बघते. पूर्वी कधी बघत नव्हते.”

मास्तर फोन कानाला धरून उभे राहिले. काही बोलायला हवं होतं. जे काही सुचत होतं ते सहा फोनांत बोलून झालेलं होतं.

“ऐकताय ना?” सासूबाईंनी विचारलं.

“ऐकतोय.”

“मग ठीक आहे,” त्या म्हणाल्या. “कुणीतरी रांगेत आहे माझ्याकडे. ठेवते.”